चौदा नंबरची हजेरी

संशय घेण्यासाठी मला पगार मिळतो. सिंगापूरमधल्या एका बँकेत संशयास्पद व्यवहार शोधणाऱ्या विभागात मी सतरा वर्षं काढली आहेत. कुणाच्या वागण्यात काही खटकलं तर लगेच बोलायचं नाही. गुपचूप नोंद करायची. नोंदी पुरेशा जमल्या की मगच समोरच्याला विचारायचं, म्हणजे त्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. ही तिथली रीत. ती मी घरी आणली आणि आईवर वापरली, त्याबद्दल हे लिहितो आहे. घरातले म्हणतात की आता ते सगळं संपलं. त्यावरही माझा पूर्ण विश्वास नाही.

आई साताऱ्याची. माध्यमिक शाळेत तिनं एकतीस वर्षं भूगोल शिकवला. वडील गेल्यावर ती वर्षातले काही महिने आमच्याकडे, सिंगापूरच्या बिशान भागात येऊन राहायची आणि मग साताऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये परत जायची. या वर्षी जुलैत जायची होती. पण मार्चमध्ये एका सकाळी ती कोथिंबीर आणायला खाली गेली आणि दीड तासानं एका चिनी आजींचा हात धरून परत आली. आमच्या इमारतीसारखेच दिसणारे आणखी पाच-सहा ब्लॉक आजूबाजूला आहेत. त्यातल्या एकाच्या नवव्या मजल्यावर जाऊन तिनं त्या आजींच्या दाराला आमची किल्ली लावून पाहिली होती.

"सगळी दारं सारखी, सगळे जिने सारखे," आई हसत म्हणाली. "माणसानं चुकू नये तर काय करावं? बाई मात्र चांगली. चहा देत होती."

बायको हसली, मुलगी हसली. मी हसलो नाही. दारापुढच्या चपला आमच्या नाहीत, एवढं तरी तिला दिसायला हवं होतं, असं माझ्या डोक्यात बसलं. त्या दिवशी मी फोनमध्ये 'आई' नावाची एक नोंदवही उघडली.

तिला साताऱ्याला एकटीला पाठवायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काळजीपोटी, असं मी सगळ्यांना सांगायचो. काळजी होतीच. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती इथे लिहून टाकतो. शेजाऱ्यांचा साताऱ्याहून फोन येईल आणि मला सगळं टाकून धावावं लागेल, या भीतीनं मी हैराण होतो. ती भीती मला नको होती. आई डोळ्यांसमोर असली की भीती नसणार, एवढाच हिशेब.

आर्मेनियाचं कसं निघालं तेही सांगतो. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं आर्मेनियन चर्च आहे. पांढरं, लहानसं, बागेत जुन्या कबरींचे दगड. एका शनिवारी आईला घेऊन तिकडून जात होतो. ती फाटकाशीच थांबली.

"आर्मेनिया! काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या मधोमध. एवढ्या मुलांना नकाशात बोट ठेवून दाखवला, पण मी काही पाहिला नाही. हे लोक इथे कशाला आले असतील रे?"

"व्यापाराला."

"म्हणजे तुझ्यासारखेच."

महिन्याभरात सिंगापूरच्याच टॅम्पिनीस भागातल्या एका वहिनींचा मेसेज आला. त्या दरवर्षी जूनच्या सुट्टीत इथल्या मराठी मंडळींची सहल काढतात. या वेळी आर्मेनिया होता: मठ, डोंगर, सरोवर, जंगल, आठ दिवस. आईनं तो मेसेज दोनदा वाचायला लावला. आणि मला युक्ती सुचली. जेवताना मी म्हणालो, "आई, आपण सगळे जाऊ. आठ दिवस तू तुझं तुझं सगळं सांभाळलंस, कुठे चुकली नाहीस, काही विसरली नाहीस, तर जुलैत साताऱ्याला जा. मी अडवणार नाही. नाहीतर मात्र इथेच राहायचं."

आईनं घास खाली ठेवला. "परीक्षा घेतोस?"

"तसं समज."

"अभ्यासक्रम तरी सांग."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मुलगी पंधरा वर्षांची, तिचं मराठी आजीपुरतं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दिस इज सो मीन ला." मी ते ऐकून सोडून दिलं.

राजधानी येरेवानला उतरल्यावर पहिल्याच सकाळी वहिनींनी बसमध्ये सगळ्यांना नंबर वाटून दिले. "नावं मी विसरते, नंबर विसरत नाही," त्या म्हणाल्या. "बस सुटण्याआधी मी 'हजेरी' म्हणेन. एकापासून सुरुवात करायची, आपापला नंबर मोठ्यानं बोलायचा. बावीसला आलं की निघायचं." अशा सहलींना गेलेल्या कुणालाही ही पद्धत नवी नाही. माझा नंबर अकरा, बायकोचा बारा, मुलीचा तेरा, आईचा चौदा. पंधरा नंबर सिंगापूरच्या मरीन परेड भागात राहणाऱ्या एका काकांचा होता. ते प्रत्येक वेळी काहीतरी जोडायचे: "पंधरा, बायकोच्या परवानगीनं!" बस हसायची.

आमची गाइड तिशीतली आर्मेनियन बाई होती. इंग्रजी स्पष्ट, बोलणं शांत. खोर विरापच्या मठाच्या गच्चीवरून तिनं आम्हाला अरारात दाखवला. सपाट हिरव्या शेतांपलीकडे एवढा मोठा पांढरा डोंगर, की नजर दुसरीकडे जातच नव्हती. तो आमच्या पैशांवर आहे, आमच्या गाण्यांत आहे, पण सरहद्दीच्या पलीकडे, तुर्कस्तानात आहे, असं ती म्हणाली. आईनं विचारलं, "दिसतो, पण जाता येत नाही?" आईचं इंग्रजी शाळेतलं, पण पुरतं. गाइडनं मान हलवून सगळं समजावून सांगितलं. दुपारी नोरावांकला जाताना आईनं तिला पुन्हा अराराताबद्दलच विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी नोंद केली: *एकच प्रश्न तीनदा.*

नोरावांकच्या तांबड्या कड्यांमध्ये मठाच्या दर्शनी भिंतीवर एक अरुंद दगडी जिना आहे, हात धरायला काही नाही. लोक त्यावर चढून फोटो काढत होते. मी आईच्या पायांकडे बघत होतो. ती चढली नाही. खाली बसून कड्यांचे थर कसे तिरके झाले आहेत ते मुलीला दाखवत होती. *चढायला घाबरली?* असं मी लिहिलं आणि प्रश्नचिन्ह ठेवलं. ऑफिसातही प्रश्नचिन्ह ठेवतो आम्ही. त्यामुळे आपण न्यायानं वागतो आहोत असं वाटत राहतं.

गार्नीला पहिली चूक झाली. तिथलं खांबांचं देऊळ पाहून आम्ही बसमध्ये बसलो, हजेरी सुरू झाली. "अकरा." "बारा." "तेरा." आणि पुढे काहीच नाही. आई खिडकीतून दरीतले दगडी खांब बघत होती. बायकोनं तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "चौदा, चौदा." दोनदा. मी पुढच्या सीटवरून वळून तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

त्यानंतर चौदा नंबर एकदाही चुकला नाही. तेरा म्हणताक्षणी चौदा. आणि याचाच मला संशय आला. एवढं चोख कुणी वागायला लागलं की आमच्या खात्यात आधी तिथेच बघतात. आवाज आईचाच आहे का, हे मी कान देऊन ऐकू लागलो. थोडा जाड वाटायचा, थोडा घाईचा. आई आणि बायको शेजारी बसायच्या, मुलगी मागे. त्या तिघी माझं लक्ष नसताना काहीतरी बोलायच्या आणि मी वळलो की खिडकीबाहेर बघायच्या.

गेगार्दचा मठ कड्यात कोरलेला आहे. आतल्या एका अंधाऱ्या दालनात चार-पाच गायक उभे होते. ते गायला लागले तेव्हा आवाज भिंतींतूनच येतो आहे असं वाटलं. सगळे माना वर करून ऐकत होते. मी आईकडे बघत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. छान होतं."

"मग रडलीस का?"

"तू नाही रडलास का?" ती म्हणाली, आणि झऱ्याचं पाणी प्यायला पुढे गेली. मी लिहिलं: *रडते. कारण सांगत नाही.* त्या गाण्याचा एक सूरही मला आठवत नाही.

"काय लिहितोस सारखा?" तिनं एकदा विचारलं.

"ऑफिसचं."

"सुट्टीत?"

"महत्त्वाचं आहे."

"असेल," आई म्हणाली.

सेवानच्या सरोवरापाशी वारा इतका गार होता की मुलगी दोन जॅकेटं घालून फिरत होती. टेकाडावरच्या काळ्या दगडाच्या चर्चपर्यंत बऱ्याच पायऱ्या. आई सगळ्या चढली. मधे दोनदा थांबली, तीही निळं पाणी बघायला. कोरीव क्रूस असलेल्या एका उभ्या दगडावर तिनं बोटं फिरवली आणि "हे जाळीकाम बघ," म्हणाली. मी "हं" म्हणालो. खरं तर बायको तिच्यापासून चार पावलांवर का चालते आहे, हे मी बघत होतो. बायकोला आई जायला हवी आहे, अशी माझी खात्री होत चालली होती. म्हणूनच ती तिला पास करवते आहे. हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो हाकलला नाही. उलट त्याला जागा करून दिली.

त्या संध्याकाळी दिलिजानला पोहोचल्यावर मी वहिनींना बाजूला घेतलं. बसमध्ये रोज दोन रांगा मागे सरकायची पद्धत होतीच, म्हणजे पुढच्या सीटा सगळ्यांना मिळतात. मी म्हणालो, "उद्या आईला शेवटच्या रांगेत एकटीला बसवा. तिथे तिला जरा आडवं होता येईल."

"एकट्या बसतील का त्या?"

"तिला आवडेल."

असं मी म्हणालो. साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हागार्त्सिनच्या मठात गेलो. दिलिजानचं जंगल दाट आहे. ओक, बीच, खाली ओलसर पाला. त्यातून वळत वळत रस्ता वर जातो आणि एकदम मोकळ्या जागेत तीन चर्चं उभी दिसतात. बाहेर बाया टेबलं मांडून मध आणि मुरांबे विकत होत्या. गाइडनं सव्वा अकराला बसपाशी यायला सांगितलं. अकराच्या सुमारास ढग भरून आले, गडगडायला लागलं, लोक पळत बसमध्ये चढले. मागे दुसरी एक बस जागेसाठी हॉर्न वाजवत होती. वहिनी पुढे उभ्या राहून म्हणाल्या, "चला, हजेरी!"

मी पाचव्या रांगेत. बायको आणि मुलगी माझ्यापुढे. शेवटची रांग माझ्या पाठीमागे लांब, सगळ्यांची जॅकेटं आणि खाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या. आईची पर्स आणि शालही तिथेच होती, चढताना मला दिसली होती.

"अकरा," मी म्हणालो.

"बारा."

"तेरा."

मग एक क्षण रिकामा गेला. श्वास घेण्याएवढाच. आणि माझ्या पुढच्या सीटवरून, मान खाली घालून, घसा जाड करून आवाज आला, "चौदा."

"पंधरा, पोटभर नाश्ता करून!"

हशा झाला. बाविसापर्यंत नंबर गेले. बस सुटली.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. त्या क्षणी मला ठाऊक होतं की आईनं उत्तर दिलेलं नाही. बसमध्ये हे ठाऊक असलेली माणसं फार तर दोन-तीन होती. बायकोला वाटलं की आई मागे आडवी होऊन डुलकी घेते आहे. मुलीलाही तेच वाटलं. त्या दोघी तिला सांभाळून घेत होत्या. मी काय करत होतो? मी मान वळवून मागे बघितलं नाही. मी फोन काढला आणि लिहिलं: *दिवस पाचवा, हागार्त्सिन. चौदाचा आवाज आईचा नाही. पकडलं.*

आणि मला आनंद झाला. आमच्या कामात महिनोन्महिने पाठलाग केल्यावर एखादा धागा हाती लागतो, अगदी तसा आनंद. बस जंगलातून खाली उतरत होती, पाऊस काचांवर आपटत होता, आणि मी वाक्यं जुळवत होतो. सगळ्यांसमोर बोलावं की नंतर? आधी बायकोला विचारावं की आईला? वीस मिनिटं मी हे ठरवत होतो. मुख्य रस्त्याला लागून आम्ही बरेच पुढे आलो होतो.

शेवटी मी पुढे झुकलो आणि शांतपणे म्हणालो, "मघाशी चौदा कोण म्हणालं?"

बायकोची मान ताठ झाली. "आई."

"आईचा आवाज मी ओळखतो."

तिनं डोळे मिटले. "बरं, मी म्हणाले. त्या झोपल्यात मागे. नको उठवूस." आणि म्हणता म्हणता तिनं वळून, सीटवर अर्धवट उभं राहून, मागे पाहिलं.

तिचा चेहरा बघून मला कळलं. मग मी वळलो. जॅकेटं, पिशव्या, शाल, पर्स.

"बस थांबवा!" बायको ओरडली. "थांबवा बस! आई नाहीयेत!"

पुढचं सगळं गोंधळाचं. वहिनी हातातल्या यादीकडे बघत "बावीस झाले होते, बावीस झाले होते" एवढंच म्हणत होत्या. काकांचा विनोद पार गेला होता. "माझ्या पाठीमागून आवाज यायला हवा होता," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला कळायला हवं होतं." आईचा फोन तिच्या पर्समध्ये वाजत होता, कारण मुलगी वेड्यासारखी तोच लावत होती. गाइडनं मठाजवळच्या कुणाला तरी फोन लावायचा प्रयत्न केला, पण त्या खोऱ्यात लागत नव्हता. ड्रायव्हरला बस वळवायला जागा मिळायला पाच मिनिटं लागली.

परत जायला वीस मिनिटं लागली. मुलगी रडत होती. मधेच ती वळली आणि म्हणाली, "बाबा, यू न्यू? तुला माहीत होतं आजी नाही बोलली?"

मी फोन खिशात सरकवला.

"यू न्यू," ती म्हणाली आणि पुन्हा पुढे बघू लागली.

पाऊस थांबला होता. आई मुरांबेवाल्या एका बाईच्या टेबलामागे, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली, बुटक्या स्टुलावर बसली होती. अंगावर कुणाचा तरी जाड लोकरी कोट. तिच्या हातात लहान सुरी होती आणि समोर बादलीभर हिरवे, कोवळे अक्रोड. त्या दोघी ते सोलत होत्या. आईची बोटं काळी-तपकिरी झाली होती.

मी धावत गेलो. तिनं वर पाहिलं. "दमलास?" ती म्हणाली. "घाम आलाय बघ तुला."

"आई, तू कुठे होतीस?"

"मी इथेच होते. बस कुठे होती?" मग मनगट पुढे केलं. "सव्वा अकरा म्हणाली होती ना ती गाइड मुलगी? मी अकरा वाजून तेरा मिनिटांनी इथे आले. मागच्या चर्चच्या कमानीत पाऊस चुकवायला उभी होते, पण घड्याळ बघत होते. बस आधीच गेलेली. मग म्हटलं, हरवलेल्या माणसानं जागा सोडायची नाही. शाळेच्या सहलीत आम्ही मुलांना हेच सांगायचो. बसले." आणि त्या बाईकडे बघून म्हणाली, "हिला भाषा येत नाही, मला तिची येत नाही. पण अक्रोड सोलायला काय लागतंय?"

मुलीनं तिला मिठी मारली. बायको तिच्यापुढे गुडघ्यावर बसून "आई, माझी चूक झाली, माझी चूक झाली" म्हणत होती. मी उभा होतो. त्या मुरांबेवाल्या बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. गाइडनं त्याचं भाषांतर केलं नाही. मी विचारलंही नाही.

संध्याकाळी दिलिजानच्या गेस्टहाउसच्या लाकडी व्हरांड्यात आम्ही चौघं बसलो होतो. जूनमधला उजेड तिथे बराच वेळ टिकतो. आई लिंबानं बोटं घासत होती, डाग काही जात नव्हते.

"वाच," ती मला म्हणाली.

"काय?"

"जे ऑफिसचं लिहितोस ते. सुनेनं नाही सांगितलं, घाबरू नकोस. मी एकतीस वर्षं वर्गात उभी होते. बाकाखाली कोण काय लिहितंय ते कळतं."

नाही म्हणायची मला हिंमत झाली नाही. मी वाचलं. एकेक नोंद. चष्मा डोक्यावर असताना शोधला. खोलीची चावी उलटी लावली. अरारात, एकच प्रश्न तीनदा.

"हे मी विसरून नाही विचारलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा तिनं सगळ्या प्रवाशांना सांगते ते सांगितलं. दुसऱ्यांदा आजोबांचं सांगितलं, त्यांचं गाव पलीकडे राहिलं ते. तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा तिनं फोनमधला त्यांचा फोटो दाखवला. तू तेव्हा लिहीत होतास."

नोरावांकचा जिना. "गुडघा दुखत होता. त्यात काय शोध?"

गेगार्द, रडते. यावर तिनं लिंबू पुन्हा बोटांवर घासलं.

गार्नी, नंबर विसरली. "हे खरं आहे," आई म्हणाली. "नंबर गेला डोक्यातून. आणि तू वळून बघितलंस. तू तसा बघतोस ना, तेव्हा मला माझं नाव विचारलंस तरी आठवायचं नाही. म्हणून मीच हिला म्हटलं, माझा नंबर तू बोलत जा. हिच्या मनात नव्हतं."

 बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला वाटतं ना, मला आई जायला हव्यात? मला त्या जायला नकोच आहेत. त्या गेल्या की संध्याकाळी त्या घरात माझ्याशी बोलणारं कोण असतं? पण त्यांना जायचंय. मग मी मदत करू नको?"

मी तिला तसं कधी बोललो नव्हतो. तरी तिला कळलं होतं. मला सगळं लपवता येतं अशी माझी समजूत होती.

"आता तुझ्या वहीत नाही ते सांगते," आई म्हणाली. "एप्रिलमध्ये मी एमआरटी मेट्रोत बसले आणि बिशान येऊन गेलं तरी उतरले नाही. कुठे उतरायचं तेच आठवेना. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. तिथे बसून राहिले, मग आपोआप आठवलं. कुणाला सांगितलं नाही. साताऱ्याला जानेवारीत दूध गॅसवर ठेवून शेजारी गेले होते. शेजारणीनं वासानं ओळखलं." ती थांबली. "होतं असं. आधी नव्हतं होत, आता होतं. मला तुझ्याआधी कळलंय ते."

"मग तरी जायचंय?"

"म्हणूनच जायचंय. तिथे मी विसरले तरी बाकीच्यांना मी माहीत आहे. भाजीवाल्याला माझं घर माहीत आहे. इथे मी विसरले तर कुणाला काय माहीत?"

मुलगी तिच्या खांद्याला टेकून बसली होती. तिला सगळं मराठी समजलं असेल का, ठाऊक नाही. 

मी त्या वेळी 'जा' म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. मी माफी मागितली, तीही अर्धीमुर्धी. वीस मिनिटं मला ठाऊक होतं, हे मुलीच्या तोंडून निघालं होतं, पण आईला ते मी स्वतः सांगायला हवं होतं. ते मी येरेवानच्या शेवटच्या सकाळी सांगितलं, जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवर, बाकीचे आत असताना. आईनं ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि आत गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. तिनं म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि अजून आहे.

बिशानला परतल्यावर रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. साताऱ्याच्या तिच्या शेजारणीशी बोललो होतो. दिवसभर घरी राहणारी एक बाई पाहून ठेवली होती, गॅसचा विषय मिटवायला विजेची शेगडी बघितली होती. आईला हे सगळं मी विचारलं होतं, तिनं त्यातल्या दोन गोष्टी नाकारल्या, एक मान्य केली. आता ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. बोटांवरचे डाग फिके झाले होते.

पुण्याचं तिकीट काढताना पडद्यावर एक चौकोन आला: प्रवाशाला विमानतळावर मदतनीस हवा आहे का? माझं बोट थांबलं. तिला राग येईल असं वाटलं. तिला न दाखवता पुढे जावं असंही वाटलं, माझी सवय.

"हो लिही," ती म्हणाली. "विचारतायत तर सांगावं."

मी हो केलं. पुढे परतीची तारीख विचारली होती. ती भरायची की नाही, हे मी ठरवलेलं नव्हतं. एकेरी तिकीट काढायला हात होत नव्हता, आणि परतीचं काढलं तर मी तिला बांधून ठेवतो आहे असं तिला वाटेल, अशी शंका होती.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"परतीचं कधीचं काढू?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. कुठला महिना चालू आहे ते ती शोधते आहे की खरंच विचार करते आहे, मला कळेना. मी विचारलं नाही.

"दिवाळीनंतरचं काढ," ती म्हणाली. "आठवलं तर येईन. नाही आठवलं, तर तू ये."